सिने फिल्मची दुकानं गेली. जुनी रिळं लावण्याआधी काय तपासावं?

फिरकी
घरगुती सिने फिल्मची दुकानं बंद झाल्यापासून साध्या बल्बसाठीही अडायला होतं. काउंटरवर रीळ ठेवलं की दुकानदार ते उजेडासमोर धरून सांगायचा: आठ मिमी फिल्मच्या दोन प्रकारांपैकी स्टँडर्ड एट की सुपर एट, सांधा कुठे सुटलाय, कुठला बल्ब लागेल. इंग्लंडात डडलीच्या डेरानमध्ये तर पूर्ण लांबीचे चित्रपट सुपर एटवर विकत मिळत. तेही २०११ साली बंद झालं. घरी दोन्ही प्रकारची रिळं आहेत, शिवाय अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा एल्मो एसटी-१२०० प्रोजेक्टर. सुरुवात कुठून करू?

जुना पडदा
प्रोजेक्टरला हात लावण्याआधी फिल्म बघा. स्टँडर्ड एटची भोकं मोठी असतात आणि दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर येतात. सुपर एटची भोकं लहान, चौकटीच्या मध्यावर. चुकीच्या मशीनमध्ये घातली तर फिल्म ओढणारं नख भोकांच्या कडा फाडत जातं.

मग डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास म्हणजे ॲसिटेट (फिल्मची प्लॅस्टिकची पट्टी) कुजायला लागलंय आणि फिल्म आकसतेय. सुपर एटच्या १०० चौकटी ४२३.४ मिमी भरायला हव्यात, स्टँडर्ड एटच्या ३८१. पट्टी लावून मोजा. एक टक्का, म्हणजे सुपर एटला चार मिमीच्या आसपास, कमी भरलं तर प्रोजेक्टरवर मुळीच चढवू नका. अशी फिल्म दात्यांशिवाय चालणाऱ्या स्कॅनरवर द्यायची. ते रीळ बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि हवाबंद डब्यात कोंडू नका, आम्ल आतच साठून नास वाढतो. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत हे फार झपाट्याने होतं.

सांधेवाला
सांध्यांबद्दल. फिल्म सिमेंट, म्हणजे सांधा जोडायचा डिंक, फक्त ॲसिटेटला चिकटतं. फुजीची सिंगल-८ (सुपर एटच्याच मापाची फिल्म) पॉलिस्टरची आहे, तिला टेपचाच सांधा लागतो. ओळखायला रीळ कडेने दिव्यासमोर धरा: पॉलिस्टरमधून उजेड आरपार दिसतो, ॲसिटेट काळपट राहतं. प्रत्येक रिळाला पुढे मीटरभर कोरी पट्टी जोडा, म्हणजे मशीनने चावलीच तर ती चावेल, चित्र वाचेल.

मोटरमित्र
आता मशीन. ट्रान्सफॉर्मरने २३० व्होल्टचे १२० होतील, पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि तिकडची ६०. एसी मोटर असेल तर वेग पाच-षष्ठांश होतो, २४ चौकटींच्या जागी सेकंदाला २०, आणि आवाज जड येतो. त्यावर मोटरची पुली बदलणं हा उपाय.

एसटी-१२०० मध्ये पांढऱ्या प्लॅस्टिकचा वर्म गिअर (मळसूत्री दातेचक्र) जुना होऊन तडकतो. मोटर फिरतेय पण फिल्म हलत नाही, असं झालं की आधी तोच बघा. रबरी पट्टा डांबरासारखा वितळला असेल तर पुलीवरचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढा, नाहीतर नवा पट्टाही घसरेल. गेटमध्ये, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून सरकते त्या फटीत, धातूचं काही घालू नका, कापसाची काडी पुरते. बल्ब न लावता, फिल्म न घालता दहा मिनिटं चालवून बघा.

बल्बचा कोड मशीनमधल्या बल्बच्या कप्प्यातल्या पाटीवर असतो. ईएफपी म्हणजे १२ व्होल्ट १०० वॉट, ईएफआर म्हणजे १५ व्होल्ट १५० वॉट. एकाच्या जागी दुसरा लावायचा नाही. ईएफआर मायक्रोस्कोप आणि एंडोस्कोपीच्या दिव्यांतही लागतो, म्हणून वैद्यकीय उपकरणांच्या दुकानात विचारा. काचेला बोट लावू नका, घामाच्या डागावर काच तापून फुटते.

जुना पडदा
एक राहिलं. डब्यांत कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मची न धुतलेली (डेव्हलप न केलेली) काडतुसं निघाली तर रंगाची आशा सोडा. कॅन्ससमधल्या शेवटच्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० नंतर ती घेणं थांबवलं. कृष्णधवल मात्र अजून काढता येतं, फक्त मागचा काळा थर आधी उतरवावा लागतो. हे काम येणाऱ्या लॅबलाच द्या आणि पाठवताना डब्यावर 'कोडाक्रोम, कृष्णधवल' असं ठळक लिहा.