मित्र मिळून गुन्हा लपवतात अशी ब्लॅक कॉमेडी लिहितोय, सेकंड हाफला हशा का बंद होतो?

वर्तकनगरचा_नाटकवेडा

नमस्कार मंडळी. ठाण्यात आमचा सात जणांचा ग्रुप आहे, सगळे नोकरीवाले, रात्री आठनंतर तालमी करतो. यंदा एकांकिका स्पर्धेला ब्लॅक कॉमेडी करायचीच असं ठरवलंय. गोष्ट थोडक्यात सांगतो, चार मित्र येऊरच्या एका बंगल्यावरची पार्टी आटपून पहाटे साडेतीनला गाडीने खाली येतायत, उपवनच्या इथे एका सायकलवाल्याला धडक बसते, माणूस जातो, हे चौघं टरकतात आणि बॉडी डिकीत टाकून सायकल ऐरोली पुलावरून खाडीत फेकून देतात. गाडी म्हणजे स्टेजवर चार खुर्च्या आणि मागे एक पत्र्याची ट्रंक. दुसऱ्या दिवशी चौघांतल्या एकाच्या बहिणीची हळद, मग जो येतो तो म्हणतो डिकी उघड रे, गोणी ठेवायचीय, फुलांच्या करंड्या ठेवायच्यात, आणि हे चौघं आळीपाळीने ट्रंकेवर बसून राहतात. इथपर्यंत लोक हसून लोळतात, तीनदा वाचन केलं, तिन्ही वेळा.

पण विसाव्या मिनिटाला सगळं थंड पडतं. चौघं नुसते भांडत बसतात, तू गाडी चालवत होतास, तूच म्हणालास टाका डिकीत, असंच चालू राहतं. काल शेजारचे एक काका वाचनाला आले होते, म्हणाले पोरांनो मजा येत होती, मग कंटाळा आला. झोप लागली नाही रात्रभर, खरंच. कोणते पिक्चर बघू आणि चुकतंय कुठे ते स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

मधली_रांग

आधी पिक्चर सांगतो. डॅनी बॉईलचा पहिला पिक्चर, शॅलो ग्रेव्ह, 1994 चा. एडिंबरामध्ये एका फ्लॅटवर राहणारे तिघं, चौथा भाडेकरू ठेवतात आणि तो खोलीत मरून पडलेला सापडतो, सोबत पैशांनी भरलेली बॅग. पोलिसांना कळवायचं नाही असं ठरतं आणि बॉडीची विल्हेवाट कोण लावणार यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं करतात. ज्याच्या वाट्याला ते काम येतं तो अकाउंटंट आहे, सरळमार्गी, आणि नंतर तोच पैसे घेऊन माळ्यावर राहायला जातो, छताला भोकं पाडून खालच्या दोघांवर नजर ठेवतो. हे नीट बघ. भांडण शब्दांत नाहीये, एक मित्र घरातल्या घरात वर राहायला गेला एवढंच दाखवलंय आणि आपल्याला कळतं की संपली यांची दोस्ती. तुझे चौघं नुसते बोलतायत.

दुसरा हिचकॉकचा रोप, 1948. दोन मित्र तिसऱ्याचा गळा आवळतात, पेटीत टाकतात आणि त्याच पेटीवर जेवण मांडून पार्टी देतात, पाहुण्यांत मेलेल्या मुलाचे वडील. मुलगा अजून कसा आला नाही याची त्यांना काळजी लागते आणि तिथे माझं हसू घशातच अडकतं. तुझी ट्रंक जवळपास तीच आहे, फक्त तुझ्याकडे ते वडील नाहीत. तुझ्या सायकलवाल्याची कुणीच वाट बघत नाहीये.

जाने भी दो यारो (1983) सगळे सांगतीलच. बघ, पण त्यात एक फरक आहे, ते दोघं फोटोग्राफर गुन्हा लपवत नाहीयेत, उघडा पाडायला निघालेत. म्हणून प्रेताची शवपेटी रस्त्यावर आली आणि दारूच्या नशेतल्या ओम पुरीला ती बंद पडलेली मोटार वाटली तरी आपण मोकळेपणाने हसतो, आपलं मन त्या दोघांच्या बाजूला असतं. तुझ्या चौघांना ती सवलत नाही मिळणार. आणि मराठीत परेश मोकाशींचा वाळवी, 2023 ला लागला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यातलं काहीच सांगत नाही, थेट बघ.

कोर्टनाका

मी वकिली करते, गोष्टीत एक गाठ सुटायची राहिलीय असं वाटतं म्हणून लिहितेय. धडक बसली त्या क्षणी चौघं सारखे नाहीत. निष्काळजीपणाने मृत्यू, भारतीय न्याय संहितेचं कलम 106, हे गाडी चालवणाऱ्यावर, साधारणपणे पाच वर्षांपर्यंत. मोटार वाहन कायद्याचं 134 पण त्याच्यावरच, जखमीला दवाखान्यात न्यायचं आणि जास्तीत जास्त 24 तासांत पोलिसांना कळवायचं. बाकीचे तिघं तेव्हा फक्त साक्षीदार आहेत रे! डिकी उघडून बॉडी उचलली की मग पुरावा नाहीसा करण्याचं 238 (जुनं 201) आणि सामाईक इराद्याचं 3(5), आता चौघं आरोपी. म्हणजे गाडीवाल्याला हे तिघं आत ओढायची गरज आहे आणि तिघांना अजून दार उघडं आहे. तो सीन तुझ्या स्क्रिप्टमध्ये आहे का? माझ्या मते तो दहा सेकंदांत उरकलाय.

अजून एक, नाडी कोणी बघितली? माणूस जिवंत असताना डिकीत टाकला असेल तर प्रकरण निष्काळजीपणाच्या फार पुढे जातं.

दिवा_कोळीवाडा

भावा सायकल ऐरोली पुलावरून टाकली ना, ती तिथंच सापडनार. तुमी रात्री भरतीचं पानी बघून टाकली, सहा तासांनी ओहोटी लागली का खाली सगळा चिखल, सायकलचं हँडल वर, आणि त्यात उधाणाचे दिवस असले अमावास्या पौर्णिमेचे तर पानी अजून लांब जातं. आमी लहानपनापासून बघतोय, खाडीत टाकलेलं खाडी ठेवत नाय. थंडीपासून मे महिन्यापर्यंत तिथं फ्लेमिंगो असतात, बोटीतून लोक बघायला येतात मोठ्या लेन्सचे कॅमेरे घेऊन, त्यांच्या फोटोत तुमची सायकल आली तर?

नौपाड्याची_लेक

सगळ्यांचं वाचलं आणि मग तुमची गोष्ट परत वाचली. दादा, तो सायकलवाला कोण होता? पहाटे साडेतीनला सायकलवर कोण असतं ठाण्यात?

माझ्या बाबांची पेपरची लाईन होती, 26 वर्षं. साडेतीनला उठून नव्हे, साडेतीनला घरातून बाहेर. स्टेशनजवळ फुटपाथवर गठ्ठे उतरतात, तिथे बसून प्रत्येक पेपरात पुरवण्या घालायच्या, मग बिल्डिंगप्रमाणे लावून सायकलच्या दोन पिशव्यांत भरायच्या. मी आठवीत असल्यापासून रविवारी सोबत जायची, पुरवण्या घालून घालून उजवा अंगठा काळा व्हायचा तो सोमवारी शाळेतपण तसाच असायचा. बाबांना प्रत्येक दार माहीत. चौथ्या मजल्यावरच्या आजींचा पेपर कडीत अडकवायचा कारण त्यांना वाकता येत नाही, दुसऱ्या मजल्यावरचे गावाला गेलेत, त्यांचा पंधरा तारखेपर्यंत बंद. सुट्टी म्हणजे 27 जानेवारी, 16 ऑगस्ट अशी मोजकी. बाबा एकदा तापाने पडले तर साडेसातपर्यंत घरी अकरा फोन आले होते, बरे आहात का हा फोन एकच, त्या चौथ्या मजल्यावरच्या आजींचा.

तुमचा माणूस तसा असेल तर? जाताना पिशव्या रिकाम्या असतात, त्यामुळे चौघांना काहीच कळणार नाही, सायकल फेकून देतील. सकाळी हळदीच्या घरात पहिलं वाक्य येईल, पेपर नाही आला अजून. मग शेजारी, मग खालचे, शब्दकोडं सोडवणारे आजोबा जिन्यात उभे. आणि संशय नको म्हणून चौघांपैकी एकाला उद्यापासून ती लाईन टाकावी लागेल, त्याला एकही दार माहीत नाही. लोक नक्की हसतील, मी पण हसेन. आणि आजींचा पेपर त्याने खाली टाकला की त्या दार उघडून म्हणतील, अरे तो कडीत अडकवायचा, तुला सांगितलं नाही का त्याने?

हे वाक्य तुमच्या एकांकिकेत घ्या, बाबांना बरं वाटेल.

वर्तकनगरचा_नाटकवेडा

ताई, तुमचं लिहिलेलं ग्रुपवर वाचून दाखवलं, दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. जो मित्र ड्रायव्हरचा रोल करतोय तो म्हणाला आपण सहा महिने याला नुसतं 'सायकलवाला' म्हणतोय, नाव पण नाही ठेवलं त्याचं.

भांडणाची सगळी पानं काढून टाकली. वकील ताई, तो सीन खरंच दहा सेकंदांचा होता, आता गाडी बंद, हेडलाइट चालू आणि तिघं उतरून उभे आहेत, चौथा स्टिअरिंग सोडत नाही, असा चार मिनिटांचा करतोय. कोळीवाड्याच्या दादांची ओहोटी पण घेतलीय, फक्त चिखल स्टेजवर कसा दाखवायचा ते बघायचंय, कोणाला सुचत असेल तर सांगा.

आणि आज पहाटे आम्ही तिघं ठाणे स्टेशनला गेलो होतो. एका काकांनी विचारलं काय बघताय, मग शेजारी बसवून घेतलं, माझ्याकडून तासाभरात जेमतेम एक गठ्ठा झाला, त्यांचे तोवर चार. रविवारी पुरवण्या जास्त असतात म्हणून शनिवारी रात्री झोपू नका, सरळ या, असं म्हणालेत.