जुन्या मोटरहोममध्ये प्रोपेनऐवजी विजेवर पाणी तापवायचंय, काय बसवू?

चाकावरचं_घर
गाडीत फक्त प्रोपेनवर चालणारी ६ गॅलनची (साधारण २३ लिटर) गरम पाण्याची टाकी आहे. मुक्काम बहुतेक वेळा वीजजोडणी असलेल्या तळांवर. जोडणी १२० व्होल्ट, ३० अँपिअर. एक एसी, एक मायक्रोवेव्ह. गरम पाणी दोघांच्या आंघोळीला आणि भांड्यांना लागतं, बस. ड्रेन प्लगच्या (टाकी रिकामी करायच्या बुचाच्या) भोकात बसणारा हीटर घ्यावा की दुसरं काही? गॅसची सोय तशीच ठेवायची आहे.

तारमिस्त्री
आधी टाकी कशाची आहे ते बघा, बाकी सगळं त्यावर ठरतं. गॅस आणि पंप बंद, बाहेरून येणारं पाणी बंद, टाकी पूर्ण थंड, सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून दाब सोडलेला, एवढं झाल्यावरच प्लगला पाना लावा. प्लगला जोडलेली लांब, कुरतडल्यासारखी कांडी बाहेर आली तर टाकी पोलादी, आतून काचेसारखा लेप दिलेली. ती कांडी म्हणजे ॲनोड. स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते. नेमकी तीच काढून तिथे हीटर खुपसला की लेपाला जिथे बारीकशी चीर असेल तिथून टाकी खायला सुरुवात होते. पोलादी टाकीत म्हणूनच हा उपाय मला पटत नाही. नुसता प्लॅस्टिकचा प्लग निघाला तर टाकी बहुधा ॲल्युमिनियमची. तिला ॲनोड नसतो, तिथे चालेल.

दुसरं म्हणजे वेग. २३ लिटर पाणी १५ अंशांवरून ५५ वर न्यायला सुमारे १.०७ युनिट वीज लागते. हे प्लगवाले हीटर ४००-४२५ वॅटचे, म्हणजे अडीच तासांच्या वर. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता धरली तर आणखी. पहिली आंघोळ झाली की दुसऱ्याने दुपारपर्यंत थांबायचं!

गरमागरम
४०० वॅटला इतकं हिणवू नका. साडेतीन अँपिअरच घेतो, एसीच्या जोडीला निवांत चालतो, रात्रभर ठेवला तर सकाळी टाकी गरम. पण तो जळतो कसा तेही सांगायला हवं. तळाशी साचलेल्या पांढऱ्या क्षाराच्या चुऱ्यात एलिमेंट (हीटरची तापणारी नळी) रुततं, उष्णता पाण्यात जात नाही आणि नळी फुटते. बसवण्याआधी टाकी आतून धुवायलाच हवी. रिकाम्या टाकीत चालू केला तर मिनिटभरात संपला. हिवाळ्यात पाणी टाकीला वळसा घालून नेणाऱ्या आणि टाकी रिकामी ठेवणाऱ्यांनी त्याच्या स्विचवर चिकटपट्टी मारून ठेवावी.

तारमिस्त्री
मूळ प्रश्नाला माझं उत्तर: जुन्या टाकीला हातच लावू नका. सिंकखाली मावणारी ४ गॅलनची (१५ लिटर) १४४० वॅटची छोटी टाकी घ्या. १५ लिटर तितकेच तापायला अर्धा तास पुरतो. ५५ अंशांच्या पाण्यात गार पाणी मिसळून ४० अंशांचं कागदावर २४ लिटर होतं. प्रत्यक्षात गार पाणी टाकीत शिरून मिसळत असल्याने थोडं कमी धरा. शॉवर मिनिटाला ५ लिटरचा असेल तर ४ मिनिटं निघतात.

बहुतेक जण चुकतात ती जोडणीच्या क्रमात. विजेची टाकी गॅसच्या टाकीच्या आधी लावली की तापलेलं पाणी २३ लिटर गार पाण्यात जाऊन विरतं आणि नळाला गारच येतं. विजेची टाकी नंतर, नळाच्या बाजूला हवी. गॅस बंद असेल तेव्हा गार पाणी पहिल्या टाकीतून पुढे येऊन दुसरीत तापतं, गॅस चालू असेल तेव्हा गरमच येतं. मध्ये व्हॉल्व्ह फिरवायला नकोत. छोट्या टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हची नळी गाडीच्या तळातून बाहेर काढा. तिला तोटी किंवा बूच लावायचं नाही. पाण्यासकट टाकी २० किलोच्या पुढे जाते, म्हणून पातळ प्लायवर नको, फरशीखालच्या आडव्या पट्टीत बोल्ट घालून पट्ट्याने आवळा.

१४४० वॅट म्हणजे १२ अँपिअर. एसी तेवढेच किंवा थोडे जास्त घेतो. दोन्ही चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की ३० चा ब्रेकर पडलाच. टाकीला स्वतंत्र ब्रेकर आणि डोळ्यासमोर दिवा असलेला स्विच द्या. एक्स्टेंशन बोर्डावर लावाल तर प्लग वितळेल.

गरमागरम
चालू करण्याआधी मल्टिमीटर लावा. एलिमेंटच्या दोन टोकांत १४४० वॅटला १० ओहम, ४०० वॅटला ३६ ओहम यायला हवेत. कुठलंही टोक ते टाकीचा पत्रा: काहीच वाचन नको. आलं तर एलिमेंट फुटलंय. अशात गाडीचं अर्थिंग सुटलेलं असेल तर वीज सगळ्या पत्र्यात उतरते आणि पायरीवर ओला पाय ठेवणाऱ्याला झटका बसतो. विजेची गळती पकडणारा ब्रेकर वारंवार पडत असेल तर त्याला दोष देऊन तो काढू नका, एलिमेंट बदला.

चाकावरचं_घर
कांडी निघाली, अर्धी झिजलेली. म्हणजे छोटी टाकीच. जोडणी नसेल तिथे ती इन्व्हर्टरवर चालेल का?

तारमिस्त्री
चालते, पण १२ व्होल्टच्या बॅटरीतून १३० अँपिअरच्या वर ओढेल. १५ लिटर एकदा तापवायला पाऊण युनिट, म्हणजे १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीचा निम्म्याहून जास्त साठा. तिथे गॅसच. आणि कांडी अर्ध्यावर आलीच आहे तर आत्ताच नवी घाला, आट्यांना टेफ्लॉन टेपचे दोनच वेढे. जास्त गुंडाळले तर कांडी आणि टाकी यांचा धातूला धातू संपर्क तुटतो आणि ॲनोड नुसता शोभेचा राहतो.