मदत हवी आहे: लाकडाची चूल, रॉकेट घेऊ की पंखेवाली? (जरा घाई आहे)

घाईगर्दी:
गावी आईसाठी लाकडावरची चूल घ्यायची आहे. दोन बघून ठेवल्यात. एक रॉकेट चूल, समोरच्या तोंडातून लाकडं सारायची. दुसरी पंखेवाली, पंखा चार्ज करायचा आणि वरून तुकडे भरायचे. दुसरी बरीच महाग आहे, पण दुकानदार म्हणतो धूर अजिबात नाही. शनिवारी निघतोय, त्याआधी सांगा. आणि "गॅस घ्या" कृपया नको, गॅस आहे.

निवांत_नाना:
गाव कुठलं? माणसं किती? जळण काय?

घाईगर्दी:
जळण म्हणजे लाकूडच की. दोन्हींतली कोणती एवढंच सांगा.

तर्रीबाज:
पंखेवाली. डोळे झाकून. आमच्या शेतघरावर आहे, भांड्याचं बूडसुद्धा काळं होत नाही. आम्ही भुशाच्या गोळ्या मागवतो, पोतं संपेपर्यंत बघायला नको.

मेकॅनिकल८८:
तर्रीबाज, कौतुक गोळ्यांचं करा, चुलीचं नको. भारतीय मानक आयएस 13152 प्रमाणे बिनपंख्याच्या चुलीची कार्यक्षमता किमान 25 टक्के लागते, पंखेवालीची 35. तीन दगडांची चूल साधारण 10 ते 15 टक्क्यांत रखडते. धूलिकणांची मर्यादाही पंखेवालीला कडक आहे, म्हणजे कागदावर तीच जिंकते. पण हे आकडे सुक्या, सारख्या कापलेल्या लाकडावरचे. वरून भरायच्या चुलीत मधेच जळण घालता येत नाही, घातलं की धूर. भात अर्धाकच्चा असताना विझली तर पुन्हा भरा, पुन्हा पेटवा. बोटभर तुकडे कोण करणार? आई?

तर्रीबाज:
गडी लावायचा. एका दुपारचं काम.

मेकॅनिकल८८:
गड्याची मजुरी किमतीत धरलीत का?

बांदेकार:
अहो, पण जेवण रांधूचा हा की न्हाणाचा पाणी तापवचा, ता आधी सांगा.

दगडफूल:
पाण्यावरून आठवलं, आमचा तांब्याचा बंब आतून हिरवा झालाय. चिंचेने जाईल का? की कल्हई लागेल?

निवांत_नाना:
दगडफूल, वेगळा धागा काढा हो.

सुमतीताई:
आईला भाकरी लागते का? हे कुणीच विचारलं नाही. तव्यावरून काढलेली भाकरी आरावर उभी करून शेकतात, तेव्हा ती फुगते. रॉकेट चुलीत लाकडाचं फक्त टोक जळतं, आत निखारे जेमतेम, आणि तोंड इतकं अरुंद की भाकरी उभी राहायची कुठे? माझ्या जावेने हौसेने आणली, आता तिच्यावर फक्त डाळ शिजते. भाकरी जुन्याच चुलीवर. तवा उतरवून वर जाळी ठेवली तर फुगते, पण कडा करपतात.

तर्रीबाज:
भाकरी गॅसवर करावी, गॅस आहे म्हणालेत.

सुमतीताई:
मग चूल कशाला घेताहेत?

घाईगर्दी:
आमच्याकडे तांदळाची भाकरी, ती गॅसवरच होते. चूल मागच्या पडवीत लागणार. गाव कुडाळजवळ. जळण घरचंच: झावळ्या, सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, काजूची छाटणी.

मेकॅनिकल८८:
हे आधी सांगायचं ना! मग पंखेवाली बाद. झावळी भसकन पेटते आणि संपते, सोडण ओलं असेल तर नुसतं धुमसतं. सारखं सारावं लागणारं जळण आहे हे. रॉकेट घ्या, काजूच्या फांद्या तिच्यासाठी उत्तम. फक्त आतली भट्टी उष्णतारोधक हवी. नुसता दुहेरी पत्रा असेल तर घेऊ नका, आतला पत्रा लवकर जळतो. पावसाळ्याचं लाकूड आधीच माळ्यावर टाका.

निवांत_नाना:
पण गॅस आहे, भाकरी गॅसवर होते, मग पडवीत रांधणार काय?

घाईगर्दी:
गणपतीत पंचवीस-तीस माणसं असतात, तेव्हाचा भात आणि उसळ. आणि नंतर भात उकडायला, उकड्या तांदळासाठी. मोठा टोप आहे, दोघांनी उचलावा लागतो.

बांदेकार:
अरे देवा. ह्यो टोप त्या डब्यार ठेवतलास?

मेकॅनिकल८८:
थांबा, रॉकेटही रद्द. दुकानातल्या चुली घरगुती भांड्यांच्या. ओल्या भाताचा टोप ढवळताना कलंडला तर उकळतं पाणी पायावर.

निवांत_नाना:
चिऱ्याची बांधून घ्या. तीन बाजूंनी चिरे, वर लोखंडी तिवई, मागे धुराडं. धुराड्याचा पाइप साफ करता येईल असा ठेवा. सरकारी निर्धूर चुली आमच्याकडे आल्या होत्या, चांगल्या होत्या, पण काजळी कोणी काढेना, पाइप तुंबले आणि धूर परत घरात.

तर्रीबाज:
म्हणजे शेवटी आजीचीच चूल. एवढी चर्चा कशाला केली मग?

सुमतीताई:
तुम्हीच सुरू केलीत, गोळ्यांवरून.

घाईगर्दी:
गवंडी शनिवारपर्यंत मिळणार नाही. तयार मोठी भट्टी मिळते का कुठे?

निवांत_नाना:
मिळते, आचारी वापरतात तशी. पण टोपाच्या बुडाचा व्यास किती? तो सांगितल्याशिवाय कोणीही चुकीचीच सांगेल.

दगडफूल:
बंबाचं राहू दे. तो उकडा तांदूळ विकता का तुम्ही? पुण्यात चांगला मिळत नाही.