टिटवीच्या अभंगाचं दुसरं कडवं अडलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. यवतमाळकडं आमचं कोरडवाहू वावर आहे. वखरणीच्या वेळी टिटवीची अंडी दिसली, त्यावर लिहितेय. साचा धाकट्या अभंगाचा नाही, मोठ्याच अभंगाचा धरलाय: सहा-सहा-सहा-चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला.

टिटवीनं अंडी
घातली वावरी
वखर आवरी
धनी माझा

इथवर जमलं. पण टिटवी भर उन्हात पोटाची पिसं भिजवून येते अन् अंडी गार ठेवते, ते मला सोडायचं नाही:

भिजवून पोट
येते अंड्यांवर
उन्हाचा कहर
…

शेवटची चार अक्षरं काही केल्या सुचत नाहीत. शिवाय ‘अंड्यांवर-कहर’ हे यमक तुम्हाला चालेल का? मला तरी ‘वावरी-आवरी’पुढं ते लेचंपेचं वाटतं. (जोडाक्षर एकच धरलंय.)

आमच्या मास्तरांचं म्हणणं, अष्टाक्षरी घे, जागा मिळेल. जागा मिळेल हो, पण मग नुसती भरताड होते. टिटवी कशी, तुटक ओरडते; तिला हा चार अक्षरांचा आखूड चरणच शोभतो. तरी अष्टाक्षरीत कोणी बांधून दाखवलं तर ऐकायला तयार आहे.

‘टिटिव टिटिव’ हा आवाज सहा अक्षरांत नेमका बसतो. तो धृपदात घ्यावा की शेवटच्या कडव्यात?