कडी तुटली तरी बाटली पुन्हा भरता येतेच

दारूच्या रिकाम्या बाटलीत बनावट माल भरून विकतात; ते रोखायला झाकणाखालची कडी, म्हणजे झाकण पहिल्यांदा उघडताच तुटणारं कडं, पुरे, ती तुटली की फसवणूक कळते, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. कडी फक्त बाटली उघडल्याचं सांगते. रिकामी बाटली भरून वर नवं झाकण बसवलं, की ती साक्षही गेली. खरा अडसर बाटलीच्या गळ्यातच हवा.

गळ्यात घट्ट बसवलेल्या तोटीत एक छोटी गोळी असते, बहुधा काचेची. बाटली उभी असली की गोळी भोकावर बसते आणि वरून ओतलेलं तिथेच अडतं. ओतताना तोंड खाली झुकलं की ती सरकते, द्रव बाहेर येतो, हवा आत जाते. पण भरणारे बाटली आडवी धरून आतली हवा ओढून घेतात, मग द्रव आपसूक आत शिरतो. म्हणून आडव्या स्थितीतही गोळी भोकाकडेच घरंगळेल असा उतार द्या. तारेने ती उचलता येऊ नये म्हणून वर एक चकतीही हवी.

सगळ्यात दुबळी जागा मात्र तोटीची पकड. गरम पाण्यात प्लास्टिक मऊ पडतं, अख्खी तोटी सुटते आणि पुन्हा बसतेही! तिच्या कडेला मुद्दाम कमकुवत रेषा ठेवा, उपटताना ती फुटलीच पाहिजे. नमुना उकळत्या पाण्यातून काढून लगेच ओढून बघा, गार झाल्यावर नाही.