दोन्ही बाजूंना % लावून शोधणं बंद करावं का?

यार्डवाला_सांगली: हळदीच्या आडत दुकानाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. शेतकऱ्याचं नाव, गाव, सगळा शोध लाईकवर (अर्धवट मजकुरावरून नोंदी शोधायची डेटाबेसमधली आज्ञा), तोही दोन्ही बाजूंना % लावून; % म्हणजे त्या जागी कितीही अक्षरं चालतात. माझं मत, सुरुवातीचा % काढावा. 'तासगा%' दिलं तर सुरुवात ठाऊक असते, इंडेक्स (नोंदींची क्रमवार सूची) कामी येतो. '%गाव' दिलं की अख्खं टेबल, म्हणजे सगळ्या नोंदींचा तक्ता, वाचलं जातं. सौद्याच्या दिवशी सगळ्या काउंटरवरून एकदम शोध सुरू झाला की माणसं ताटकळतात.

क्वेरीवाली: अजिबात पटलं नाही. शेतकरी 'सावळजचे पाटील' एवढंच सांगतो आणि नोंदीत आडनाव शेवटी असतं. सुरुवातीचा % काढला तर तो सापडणार कसा? शिवाय एकच गाव लोक दोन तऱ्हेनं लिहितात. 'तासगा%व' दिलं की तासगाव आणि तासगांव दोन्ही येतात, कारण %च्या जागी काहीच नसलं तरी चालतं. 'तासगा_व' देऊन बघा, फक्त अनुस्वारवालं येईल. _ला नेमकं एक चिन्ह लागतं, आणि युनिकोडमध्ये अनुस्वार वेगळा मोजला जातो. 'कवठे%महांकाळ'चंही तेच, जोडून लिहा नाहीतर तोडून.

मिरजकर: ताई, हा शोधाचा प्रश्नच नाही, नोंदीचा आहे. गावांची यादी पक्की करा, त्यातूनच निवडू द्या, हातानं टाइप करायची मुभा नको. जुन्या नोंदी एकदा बसून दुरुस्त करा. टक्क्यानं घोळ नुसता झाकला जातो. चार पाटील समोर आले आणि घाईत पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) भलत्याच्या नावावर गेली, तर पैसे कोण परत आणणार?

क्वेरीवाली: गावांची यादी मान्य. माणसांच्या नावांची कुठून आणणार? वेगाचं म्हणाल तर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीजी_टीआरजीएम नावाची जोडसुविधा आहे. मजकुराचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून त्यांचा जिन नावाच्या प्रकारचा इंडेक्स बांधला की दोन्ही बाजूंचा %ही इंडेक्सवर चालतो. फक्त तीनपेक्षा कमी चिन्हांना त्याचा उपयोग नाही.

यार्डवाला_सांगली: आमचा डेटाबेस मायएसक्यूएल आहे. तिथं फुलटेक्स्ट (शब्दांवरून शोधायचा) इंडेक्स आहे, पण लाईक तो वापरत नाही, क्वेरी, म्हणजे शोधाची आज्ञा, मॅच-अगेन्स्ट या दुसऱ्या रचनेनं नव्यानं लिहावी लागते. मी गावाला कोड देतो. आधी गाव निवडायचं, मग त्या गावातल्या नावांवर %. वाचायच्या नोंदी मूठभरच उरतील.

मिरजकर: तरी माझा विरोध कायम. खिडकीत कुणी नुसता % टाइप केला तर गावातल्या सगळ्यांची खाती समोर येतील. % आणि _ एस्केप केल्याशिवाय, म्हणजे टाइप केलेली ही चिन्हं साधी अक्षरं म्हणूनच धरली जातील असं केल्याशिवाय, हे काउंटरवर देऊ नका.