मदत हवी आहे: बाबासाहेबांचं १९३२चं ग्रामपंचायतीवरचं भाषण गावात कसं मांडू?

नमस्कार मंडळी,

मी दापोली तालुक्यातल्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य आहे. १४ एप्रिलला समाजमंदिरात अर्धा तास बोलायचं माझ्याकडे आलंय. चवदार तळं आणि राज्यघटना यांवर दरवर्षी बोललं जातं, ते हवंच. पण यंदा मला मुंबई कायदेमंडळातले बाबासाहेब सांगायचेत. शेतसारा (जमिनीवरचा सरकारी कर), बजेट, गावचा कारभार यांवर बोलणारे.

सुरुवात जमलीय. १९२७ साली ते नियुक्त सदस्य म्हणून सभागृहात आले आणि त्याच फेब्रुवारीत बजेटवर बोलले. प्राप्तिकर कमाई झाली तरच लागतो, शेतकऱ्याला मात्र पीक येवो न येवो सारा भरावाच लागतो. एकराचा धनी असो की शंभर एकरांचा, दर तोच. हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. आमच्याकडे सगळे गुंठ्यांतले खातेदार, त्यांना हे लगेच पटेल.

खोतीचं, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताच्या पिढीजात हक्काचं, तर सांगायलाच नको. १७ सप्टेंबर १९३७ला त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मोर्चाने थेट मुंबईत कौन्सिल हॉलवर गेले. माझी आजी सांगायची, खळ्यात भात झोडून झालं की पहिलं सूप घरात जायच्या आधी खोताचा माणूस पायली घेऊन हजर. जमीन अर्धेलीची, म्हणजे निम्मं भात त्याचं. खोती गेली ती १९४९च्या कायद्याने.

अडलंय ते पुढे. ६ ऑक्टोबर १९३२ला ग्रामपंचायत विधेयकावर त्यांनी कडक विरोधाचं भाषण केलं. जातीपातीत रुतलेल्या गावाच्या हाती न्यायनिवाडा दिला तर दुबळ्याला न्याय मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मी स्वतः पंचायतीत बसते. समोर सरपंच, उपसरपंच असणार. "बाबासाहेब पंचायतीच्या विरोधात होते" एवढंच घेऊन लोक घरी गेले तर? भाषण गाळायचं मात्र मनाला पटत नाही. कसं मांडू?

प्रतिसाद

ताई, भाषण अजिबात गाळू नका. त्याच भाषणातली मागणी पुढे आणा. नुसत्या प्रौढ मतदानाने आमचं भागणार नाही, असं ते म्हणाले. गावात दलितांची घरं मूठभर, सगळ्यांना मत दिलं तरी अल्पसंख्य ते अल्पसंख्यच राहणार. म्हणून पंचायती होणारच असतील तर त्यांत खास प्रतिनिधित्व द्या. दलितांना कायदेमंडळांत राखीव जागा देणारा पुणे करार २४ सप्टेंबरचा, हे भाषण त्यानंतर १२ दिवसांनी. तारखा शेजारी ठेवून सांगा. मग १९९३ साली लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीवर या. कलम २४३ड प्रमाणे अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात पंचायतीत जागा राखीव आहेत.

वेळ उरला तर १९२८चं महार वतनाचं, म्हणजे पिढीजात गावकामाचं, विधेयक घ्या. महारांनी रात्रंदिवस सरकारी काम करायचं आणि मोबदल्यात तुटपुंजी इनाम जमीन नि बलुतं, म्हणजे गावकऱ्यांकडून मिळणारा धान्याचा वाटा. बलुत्याऐवजी रोख पैसा मिळावा, ज्याला वतनातून सुटायचं त्याला सुटता यावं, असा त्यांचा प्रस्ताव होता. विधेयक त्यांना मागे घ्यावं लागलं. ही वतनं रद्द करणारा कायदा १९५८चा, तोवर बाबासाहेब गेले होते. बलुतं म्हटलं की म्हातारी माणसं आपणहून बोलायला लागतात, त्यांना बोलू द्या.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. मी अनुसूचित जातीच्या राखीव जागेवरूनच निवडून आलेय. खुल्या जागेवर आमच्या वाडीतलं आजवर कोणीच आलेलं नाही, तरी हा धागा मला जोडता आला नव्हता. आता १९३२पासूनच सुरुवात करते आणि सारा नंतर घेते. आमच्या वाडीत नव्वदीच्या एक आजी आहेत, बलुतं मागायला वडिलांबरोबर जायच्या. आज संध्याकाळीच त्यांच्याकडे जाऊन बसते.